आठ मागांचे मालक, पण सूत व्यापाऱ्याचं: सहकारी संस्था काढून फरक पडतो का?

आठमाग (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी,

आमचे आठ साधे माग आहेत, शेड भाड्याची. आजोबांनी दोन मागांवर सुरुवात केली, बाबांनी आठ केले, आता मी बघतो. आम्ही खर्चीवाले. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: सूत व्यापाऱ्याचं, सायझिंग करून (सुताला खळ लावून) भरलेली बीमं, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, त्याची, विणलेलं कापडही त्याचं. आम्ही फक्त विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे कापडात इंचाला किती आडवे धागे पडतात त्यावर, मीटरला मजुरी घ्यायची. माग आमचे, वीजबिल आमचं, कामगाराचा पगार आणि दिवाळीचा बोनस आमचा, पण बाजारात आमच्या नावावर एक तागाही नाही.

मंदी आली की व्यापारी बीम देणं थांबवतो आणि माग उभे राहतात. तेजी आली की तो सुतावर कमावतो, आमची मजुरी आहे तिथंच. गेल्या मंदीत शेजारच्या कारखानदारानं माग भंगारात किलोवर विकले. ज्या मागावर त्यानं दोन मुलींची लग्नं केली, तो माग गॅसकटरनं कापताना मी बघितला. तेव्हापासून डोक्यातून विषय जात नाही.

गल्लीतले आम्ही चौदा-पंधरा जण बोलतोय की एकत्र येऊन सूतखरेदीची सहकारी संस्था काढावी आणि हळूहळू स्वतःचं कापड विणावं. घरात बाबांचा विरोध आहे. ते म्हणतात, दहा जणांच्या नादाला लागलास तर आहे ते पण घालवशील.

ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी सांगा. फायदा नेमका कशातून होतो? सूत दोन रुपये स्वस्त मिळतं एवढंच, की आणखी काही? आणि अशा संस्था बुडतात त्या कुठं बुडतात?

---

पंचगंगाकाठ

तुमच्या बाबांचं ऐका. आमच्या वडिलांनी निवृत्तीची रक्कम एका पतसंस्थेत ठेवली होती. संचालकांनी आपल्याच सग्यासोयऱ्यांना विनातारण कर्जं दिली, ती थकली, आणि एक दिवस शाखेला कुलूप. प्रशासक आला, मग संस्था गुंडाळणारा अवसायक आला, वडिलांच्या हयातीत पैसे काही आले नाहीत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे आम्हाला संस्था बुडाल्यावर कळलं. सहकार चांगला की वाईट यात मी पडत नाही. पण जिथं दुसऱ्याच्या सहीनं आपला पैसा हलतो तिथं दहा वेळा विचार करा.

---

जुना दिवाणजी

बाळा, तुझ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला पाहिजे. माझी सगळी नोकरी दिवाणजीची. आधी एका कारखानदाराकडं आणि पुढं विणकरांच्या एका संस्थेत हिशेबाला. त्यामुळं दोन्ही बाजूंच्या वह्या मी लिहिल्यात.

पंचगंगाकाठ, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्याकडं मी शेवटी येतो. पण ठेवी गोळा करणारी पतसंस्था आणि धंदेवाल्यांनी आपल्या धंद्यासाठी काढलेली खरेदी संस्था या वेगळ्या. दुसरीत ज्याचा पैसा असतो तोच रोज गोदामात माल न्यायला येतो. रोज येणाऱ्या माणसापासून लपवाछपवी फार दिवस चालत नाही.

आता हिशेब मांडू. आकडे मी धरून चालतोय, तू तुझे घाल. साधा माग १२ तासांत ४० मीटरच्या आसपास कापड देतो. दोन पाळ्या धरल्या तर ८० मीटर, आठ मागांचे ६४० मीटर. ५२ पिकाचं कापड आणि पिकाला ६ पैसे मजुरी धरली तर मीटरला ३ रुपये १२ पैसे. म्हणजे दिवसाला दोन हजारांना तीन-चार रुपये कमी. त्यात कामगार, कांडीवाला, जॉबर, वीज, शेडभाडं, तेल-धोटा-पिकर. उरतं काय ते तुला माहीत आहे.

तू म्हणशील, मग स्वतःचं सूत घेऊन विणतो. बघ. महिन्याचे २६ दिवस धरले तर १६,६४० मीटर. मीटरला १०० ग्रॅम सूत धर, म्हणजे १,६६४ किलो. किलोला २५० रुपये धरले तर ४ लाख १६ हजारांचं सूत एका महिन्याला. सायझिंगचे पैसे वेगळे. कापड विकलं की अडत्या पेमेंट देणार महिन्या-दीड महिन्यानं, तोवर पुढच्या महिन्याचं सूत रोखीनं घ्यायचं. म्हणजे आठ मागांच्या माणसाकडं नऊ-दहा लाख रुपये सतत फिरते पाहिजेत. तुझे आठही माग विकले तर तेवढे येतील का? बँकेत गेलास तर ती तारण मागणार, आणि शेड भाड्याची. व्यापाऱ्याच्या हाताखाली राहण्याचं कारण एवढंच आहे, अक्कल कमी आहे किंवा विणता येत नाही असं नाही.

संस्था हे भोक बुजवते. पंधरा जणांचं भागभांडवल, त्यावर जिल्हा बँकेची किंवा एखाद्या नागरी बँकेची कॅश क्रेडिट (लागेल तशी उचलायची कर्जमर्यादा), तारण म्हणून गोदामातलं सूत. आठ मागांच्या माणसाला बँक ओळखत नाही, पण शंभर-सव्वाशे मागांचं सूत ज्या गोदामातून जातं त्या संस्थेला ओळखते. मग तू लागेल तेवढंच सूत उचलतोस. एका वेळी सुताची चार बाचकी (पोती) लागली तर चार. मिलवाला चार बाचक्यांसाठी तुझ्याशी बोलणारसुद्धा नाही.

भावातला फरक मिळतो, पण मी त्याला पहिलं स्थान देणार नाही. दोन-तीन रुपयांचा फरक बाजार एका दुपारीत खाऊन टाकतो. माझ्या मते मोठा फायदा थांबता येण्याचा. कापडाचा भाव पडलाय, अडत्या म्हणतोय आज दे नाहीतर राहू दे. ज्याच्या डोक्यावर शनिवारच्या पगाराची चिंता आहे तो देतो, आणि मीटरमागं रुपया-दीड रुपया तिथं जातो. आमच्या संस्थेत तागे गोदामात ठेवून त्यावर काही टक्के उचल मिळायची. पगार भागायचा आणि कापड भाव येईपर्यंत थांबायचं. हातातला माल पडेल भावात टाकावा लागला नाही म्हणून खर्चीवाल्याचे कारखानदार झालेले लोक मी मोजून दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा तपशिलात सांगतो, सुताच्या काउंटची, म्हणजे सूत किती बारीक त्या आकड्याची. बाचक्यावर ४० लिहिलेलं असतं. आपण विश्वासानं घेतो. संस्थेत आम्ही एक रॅप रील (सूत मोजून गुंडाळायचं चाक) आणि एक बारीक तराजू घेतला होता. आलेल्या लॉटमधून चार-पाच कोन काढायचे, रीलवर १२० वारांची ली (लडीचा सातवा भाग) गुंडाळायची, ती तोलायची. ८४० वारांची एक लड आणि एका पौंडात अशा जितक्या लडी तो काउंट, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो, पण तपासतं कोण? एकदा ४० म्हणून आलेला लॉट ३८ च्या आसपास भरायला लागला. म्हणजे किलोमागं सूत लांबीला पाच टक्के कमी. तुझ्या १,६६४ किलोत ते ८३ किलो होतात, वीस हजारांच्या वर रुपये, आणि कुणाच्या वहीत ते दिसत नाहीत. ताण्याला (उभ्या धाग्याला) वापरलं तर बीम लवकर संपतं, आपण म्हणतो सायझिंगवाल्यानं कमी भरलं, आणि भांडण त्याच्याशी. आम्ही लीचे आकडे लिहून मिलला कळवलं आणि मिलनं फरक दिला. आठ मागांचा एकटा माणूस हीच तक्रार घेऊन गेला असता तर त्याला पुढच्या वेळी सूतच मिळालं नसतं.

आता बुडतात कुठं ते.

पहिली जागा उधारी. सभासद आपलाच, त्याच्या घरी लग्न आहे, दे चार बाचकी, पुढच्या महिन्यात बघू. असे पाच जण झाले की बँकेचं व्याज उरलेल्या दहा जणांच्या मानेवर. आपल्या सहकाराची गोष्ट जिथून सांगतात ते इंग्लंडमधलं रॉचडेल हे विणकरांचंच गाव. १८४४ साली तिथल्या २८ माणसांनी एकेक पौंड भाग घालून दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर असला माल. त्यात फ्लॅनेल विणणारे बरेच. त्यांचा नियम होता रोखीनं विकायचं, उधार नाही, आणि वर्षाचा नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा. त्याआधीची कितीतरी दुकानं उधारीत बुडालेली त्यांनी बघितली होती. पावणेदोनशे वर्षं होऊन गेली, पण माझ्या टेबलावर आलेली प्रत्येक अडचण याच नियमाशी येऊन थांबायची. सुताची उचल द्यायची तर सभासदाच्या भागाच्या आणि गोदामात ठेवलेल्या कापडाच्या हिशेबात द्या. तोंडाच्या शब्दावर एक कोनसुद्धा नको, मग तो चेअरमनचा भाऊ असला तरी.

दुसरी जागा, सभासदच बाहेरून घेतो. संस्था सुरू झाली की व्यापारी गप्प बसत नाही. तो तुझ्या चार सभासदांना किलोमागं तीन रुपये कमी लावतो, वर महिन्याची मुदत देतो. ते चौघे गेले की गोदामात माल पडून राहतो, व्याज चढतं, संस्था बंद पडते. संस्था बंद पडली की भाव परत वर. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि आजही मनाला लागतं, कारण गेलेले लोक वाईट नव्हते. त्यांना त्या महिन्यात तीन रुपये खरंच हवे होते. म्हणून पोटनियमातच लिहून घ्या की सभासदानं गरजेच्या किमान इतक्या टक्के सूत संस्थेतून उचललं पाहिजे, आणि वर्षअखेरीस परतावा उचलीच्या प्रमाणात. जो जास्त उचलेल त्याला जास्त मिळेल.

तिसरी जागा तुमच्या वडिलांच्या संस्थेत होती ती, पंचगंगाकाठ. संचालकांच्या घरात जाणारा पैसा. संस्था लहान असली की यावर एक साधा उपाय चालतो. कुणाकडं किती येणं आहे याचा कागद दर महिन्याला गोदामाच्या भिंतीवर लावायचा, नावासकट. आमच्याकडं चेअरमनचं नाव एकदा त्या कागदावर आलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पैसे जमा झाले.

आणि हे आपल्या गावाला नवीन नाही. १९०४ साली जहागीरदार नारायणराव घोरपड्यांच्या प्रोत्साहनानं विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. त्याच वर्षी देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. पुढं दत्ताजीराव कदमांच्या पुढाकारानं डेक्कन सूतगिरणी उभी राहिली ती विणकरांच्या भागभांडवलावर. सूत दुसऱ्याच्या हातात आहे तोवर माग आपला असून नसल्यासारखा, हे त्या पिढीला बरोबर कळलं होतं.

---

डोंबिवलीची मावशी

दिवाणजी काकांनी सुताचं सांगितलं, मी पोळ्यांचं सांगते. माझं पोळीभाजी केंद्र आहे, हाताखाली चार बायका. सुरुवातीला गॅसची शेगडी आणि मोठा तवा घ्यायला पैसे नव्हते. मंगळसूत्र सोनाराकडे ठेवून घेतले होते, आणि ते व्याज पोळ्या लाटून फिटत नव्हतं.

आमच्या इथल्या महिला पतसंस्थेत मी पिग्मी (रोजची छोटी बचत) सुरू केली. रोज संध्याकाळी एजंट ताई यायच्या, कधी पन्नास, कधी शंभर, जमेल ते द्यायचे. वर्षभर पिग्मी नियमित भरल्यावर त्याच आधारावर पहिलं कर्ज मिळालं. दोन बायका जामीन राहिल्या, दोघीही माझ्यासारख्याच धंदेवाल्या, एक मेसवाली आणि एक मसाले कुटून देणारी. मंगळसूत्र सोडवून आणलं त्या दिवशी घरात कुणाला बोलले नाही, नुसतं घालून पोळ्या लाटायला बसले.

मुंबईत हे आधीपासून चालत आलंय. गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यातून त्या बायकांना बाहेर काढायला बँकेचं कर्ज गटाच्या हमीवर मिळवून दिलं. एकेकट्या बाईला बँकेच्या दारात उभं करत नव्हते, गट करून गेल्यावर कर्ज मिळालं.

पण पंचगंगाकाठ दादा म्हणतात तेही मी पाळते. कर्ज पतसंस्थेतून घेते, मोठी ठेव तिथं ठेवत नाही. वार्षिक सभेला दुपारचा धंदा बुडवून जाते आणि अहवालातला ऑडिट वर्ग (हिशेब तपासणीत संस्थेला मिळालेली श्रेणी) कोणता ते आधी बघते. मागच्या खेपेला थकबाकी का वाढली हे उभं राहून विचारलं. हात थरथरत होते, पण विचारलं. भागाचं प्रमाणपत्र घेऊन कपाटात ठेवलं की आपण मालक होत नाही, सभेत विचारायला लागतं.

---

आठमाग (इचलकरंजी)

काका, मावशी, दोघांचे मनापासून आभार. काका, तुमचा हिशेब बाबांना वाचून दाखवला. सुताच्या ८३ किलोवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ली कोण तपासणार, ते आधी ठरवा."

आता पुढचं विचारतो. नोंदणीला किती माणसं लागतात? आमच्यात दोघे भाऊ एकाच घरातले आहेत, चालेल का? एकाकडं चोवीस माग आहेत, तो म्हणतो मी जास्त भाग घालतो पण माझं मत जास्त धरा. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांनी स्वतःचं कापड विणायला सुरुवात करावी का?

---

जुना दिवाणजी

बाबांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय, त्यांनाच तपासणीला बसवा. जुना माणूस आहे, सूत बोटांत धरून निम्मं सांगेल, उरलेलं तराजू सांगेल.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात नोंदणीला किमान दहा माणसं लागतात आणि ती वेगवेगळ्या कुटुंबांतली पाहिजेत. म्हणून दोघा भावांना त्या दहांत एकच धरा. यंत्रमागाची संस्था असल्यामुळं कागद करण्याआधी वस्त्रोद्योग विभागाच्या सोलापूरच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारा, उगाच एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरायला लागू नये. पोटनियमाचा छापील नमुना मिळेल. तो तसाच सही करून देऊ नका. उधारी आणि किमान उचल ही दोन कलमं आपल्या शब्दांत घालून घ्या.

चोवीस मागांच्या मालकाला प्रेमानं सांगा, एका सभासदाला एकच मत, मग भाग कितीही असोत. हा कायदाच आहे आणि तो योग्य आहे. त्याचं मत जास्त धरलं तर तुम्ही परत एका व्यापाऱ्याकडंच गेला असं होईल. त्याचा फायदा उचलीच्या परताव्यात आहे, तिथं त्याला सगळ्यांपेक्षा जास्त मिळणारच. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला जातो आणि भागावरच्या लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. नंतर कळलं की मन खट्टू होतं.

पहिल्याच दिवशी आठही माग स्वतःच्या कापडावर चढवू नकोस. दोन चढव, सहा मजुरीवर ठेव. मजुरीतून पगार आणि वीज भागू दे. दोन मागांना महिन्याला लाखभराचं सूत लागतं, एवढं नुकसान झालं तरी माणूस उभा राहतो. कापड एकदा-दोनदा विकून पेमेंट हातात आलं, अडत्या कसा आहे ते कळलं, की तिसरा माग. आमच्याकडं जे टिकले ते असेच वाढले, घाईत सगळे माग चढवलेले दोघे जण मंदीत परत खर्चीवर आले.

आणखी एक काम आजच करून टाक, त्याला संस्थेची वाट बघायची गरज नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेली नसेल तर कर. आयकर कायद्याप्रमाणं सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी धरावा लागतो. बिलावर उद्यम क्रमांक छापून घे. मार्चच्या आधी थकलेलं पेमेंट मागताना हा कागद उपयोगी पडतो. काही अडते यावर कुरकुर करतील, नोंदणी नसलेल्याकडून माल घेऊ म्हणतील. तिथं परत पंधरा जण एकत्र असण्याचा उपयोग होतो, कारण एवढं कापड तो एकदम सोडणार नाही.

सोलापूरला जाशील तेव्हा दहा जणांच्या आधार आणि मागांच्या वीजबिलाच्या प्रती बरोबर ने. पोटनियमाचा मसुदा झाला की इथं टाक किंवा मला व्यक्तिगत निरोप कर. चष्मा लावून ओळ न् ओळ वाचून देतो.